हार्ड डिस्क अडखळत वाचते आहे : आधी दुरुस्ती की आधी प्रत?

अक्षरजुळारी (मिरज)

नमस्कार. मिरजेत गेली १९ वर्षे मी डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि दरवर्षी दोन दिवाळी अंक असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या प्रोग्रामच्या फायली, स्कॅन केलेली चित्रे आणि जुने मराठी फॉन्ट हे सगळे १ टीबीच्या एकाच हार्ड डिस्कवर आहे आणि विंडोजही त्याच डिस्कवर आहे. मागच्या आठवड्यापासून संगणक सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे लागतात. काही फोल्डर उघडले की पडदा गोठतो, पण काही फोल्डर अगदी पूर्वीसारखे उघडतात. डिस्कचा आवाज बदललेला नाही.

डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवून पाहिला, तर पिवळा चौकोन आणि 'कॉशन' असा शेरा दिसला. ०५ या ओळीपुढे १०, सी५ पुढे १३८ आणि सी७ पुढे २९ असे आकडे आहेत. महिन्यापूर्वी हाच चौकोन निळा होता, म्हणून मी निर्धास्त राहिले. जवळच्या एका दुकानात विचारले असता 'फॉरमॅट मारला की ठीक होईल' असे उत्तर मिळाले. माझ्याकडची शेवटची प्रत सव्वादोन वर्षांपूर्वीची आहे. मी नेमके काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे कृपया सांगावे.

बाभूळवन (लातूर)

ताई, माझ्या संगणकाला असाच त्रास होत होता. विंडोजची चेकडिस्क ही डिस्क तपासण्याची आज्ञा 'आर' पर्यायासह रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी संगणक सुरळीत झाला. खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे लहान कप्पे) बाजूला काढण्याचे काम हीच आज्ञा करते, त्यामुळे आधी ती चालवून पाहावी असे मला वाटते.

विदाराखण (पुणे)

ताई, हे वाचत असाल त्याच क्षणी संगणक बंद करा आणि पुढचे मोबाइलवर वाचा. विंडोज त्याच डिस्कवर असल्यामुळे संगणक नुसता चालू ठेवला तरी तात्पुरत्या फायली, नोंदी आणि पार्श्वभूमीवरचे शोधकाम यांमुळे त्या डिस्कवर सतत लिहिणे-वाचणे चालू राहते.

आता आकड्यांकडे वळू. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये उजवीकडचा कच्चा आकडा मुळात षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या आधाराने मोजण्याच्या, पद्धतीने दिसतो, म्हणून तुमचे १३८ म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीतले ३१२, १० म्हणजे १६ आणि २९ म्हणजे ४१. ओळींचे क्रमांकही त्याच पद्धतीचे आहेत, म्हणजे सी५ ही १९७ वी नोंद आणि सी७ ही १९९ वी. ०५ या नोंदीत डिस्कने कायमचे बाद करून राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या असते. १९७ व्या नोंदीत मात्र असे सेक्टर मोजलेले असतात की जे डिस्कला वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निवाडा अजून व्हायचा आहे. तुमचे फोल्डर गोठतात ते यामुळेच. न वाचता येणाऱ्या सेक्टरवर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तोवर विंडोज उत्तराची वाट पाहत थांबते.

बाभूळवन, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिमचा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा, हिशेब जुळवण्याचे आहे. ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या ती दुरुस्त करते, म्हणजे पुष्कळदा काढून टाकते आणि हे सगळे मूळ डिस्कवरच लिहिते. शिवाय 'आर' पर्यायामुळे संपूर्ण डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली जाते. ज्या डिस्कचे हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) किंवा मजकूर साठवणाऱ्या तबकडीचा पृष्ठभाग झिजू लागला आहे, तिच्याकडून हे श्रम करून घ्यायचेच असतील, तर त्या श्रमांतून निदान प्रत तरी हाती लागली पाहिजे. फॉरमॅटच्या सल्ल्याचेही तसेच आहे. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहिले की प्रलंबित सेक्टर एकतर पुन्हा वापरात येतात किंवा राखीव जागेत जातात, त्यामुळे १९७ चा आकडा शून्यावर येतो आणि डिस्क बरी झाली असे भासते. सेक्टरांचा आकडा बरा होतो, पण त्यांत लिहिलेला मजकूर गेलेला असतो.

महिन्यापूर्वी निळा चौकोन दिसला, याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख धोक्याच्या नोंदींपैकी एकाही नोंदीत काहीच दिसले नव्हते. म्हणजे निळा चौकोन हा निर्वाळा नव्हे. उलट बाजूने मात्र त्या नोंदी फार बोलक्या आहेत. त्याच अभ्यासानुसार, पृष्ठभागाच्या तपासणीतला पहिला दोष आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, असा दोष नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते. तुमच्याकडे ३१२ सेक्टर अडलेले आहेत, म्हणून आज प्रत घेणे हेच काम आहे. बिघाडाचे कारण त्यानंतर शोधता येईल.

खाडीकाठ (रत्नागिरी)

विदाराखण यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. मी दुरुस्तीच्या बाजूचा माणूस असल्यामुळे दोन गोष्टी जोडतो.

१९९ वी नोंद डिस्कच्या तबकडीची नसून तारेची आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डाटा जाताना जी तपासणी होते, ती जुळली नाही की हा आकडा एकाने वाढतो. ४१ ही फार मोठी संख्या नाही, पण प्रत घेण्याच्या लांब कामात तारेचा दोष मध्ये यायला नको, म्हणून साटा केबल नवी लावा आणि दुसऱ्या पोर्टमध्ये खोचा. केबल बदलल्यावर हा आकडा कमी होत नाही. तो पुढे वाढतो का, एवढेच पाहायचे असते. वीजपुरवठ्याकडेही पाहा. ३.५ इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात आणि जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) थकला की १२ व्होल्टची बाजू खाली येऊन डिस्क मध्येच थांबते व पुन्हा फिरू लागते. शक्य असेल तर दुसऱ्या, खात्रीच्या संगणकाला डिस्क जोडून काम करा.

दुसरी गोष्ट आवाजाची. प्रत घेताना केव्हाही ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येऊ लागला, तर तत्क्षणी वीज बंद करा. हेड आपली जागा शोधू शकत नाही आणि पुन्हा पुन्हा मागे येऊन नव्याने सुरुवात करते, त्याचा तो आवाज असतो. तबकडी आणि हेड यांच्यातले अंतर काही नॅनोमीटरच असते आणि दुखावलेले हेड तेवढ्या अंतरावरून तबकडी खरवडू लागले की प्रयोगशाळासुद्धा हतबल होते. त्या टप्प्यावर घरगुती उपाय नकोत. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही लोक देतात, पण बाहेर काढताच आत दव धरते, आणि आमच्या कोकणातल्या हवेत तर ते हमखास धरते. हार्ड डिस्क उघडण्याचे काम नियंत्रित हवेच्या कक्षातच व्हायला हवे.

अक्षरजुळारी (मिरज)

मनापासून आभार. संगणक बंद केला आहे. भाच्याचा संगणक, नवी केबल आणि २ टीबीची नवी डिस्क अशी जमवाजमव झाली आहे. आता नव्या डिस्कवर फोल्डर ओढून नक्कल करत गेले तर चालेल का? एकूण साधारण ६४० जीबी भरलेले आहे.

विदाराखण (पुणे)

ताई, साधी नक्कल या प्रसंगी कामाची नाही. विंडोज एका खराब फायलीपाशी अडते, तिथेच घोटाळत राहते आणि त्या वेळात पुढच्या हजारो चांगल्या फायली वाचायच्या राहून जातात. आजारी डिस्कचे उरलेले तास आधी सोप्या भागावर खर्च करायचे असतात आणि अवघड भाग शेवटी घ्यायचा असतो. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्राम नेमका असाच विचार करून लिहिलेला आहे. तो फायली पाहत नाही, सेक्टर पाहतो. वाचता येईल ते भराभर उचलतो, अडले की तो भाग सोडून पुढे उडी मारतो आणि काय मिळाले, काय राहिले याची नोंद एका नकाशा-फायलीत ठेवतो.

सिस्टमरेस्क्यू ही लिनक्सची वितरिका पेन ड्राइव्हवर घ्या, तिच्यात डीडीरेस्क्यू असते. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. विंडोजमध्ये ही आजारी डिस्क जोडूच नका. विंडोज जोडताक्षणी तिच्यावर काहीबाही लिहू लागते आणि विभाग ओळखता आला नाही तर 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असे विचारते. घाईत त्यावर 'हो' म्हटलेली माणसे मी पाहिली आहेत. नवी डिस्क एनटीएफएस या मांडणीत फॉरमॅट करून ठेवा, कारण संपूर्ण जुन्या डिस्कची एकच प्रतिमा-फाइल आपण बनवणार आहोत. ती १ टीबीची होईल आणि फॅट३२ या दुसऱ्या मांडणीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आजारी डिस्क माउंट करायची (म्हणजे फायली वापरण्यासाठी उघडायची) नाही, नवी तेवढी माउंट करायची.

मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल ही या कामातली सर्वांत भयंकर चूक आहे. आज्ञा देण्यापूर्वी डिस्कवरच्या लेबलचा अनुक्रमांक आणि पडद्यावरचा अनुक्रमांक ताडून पाहा, आणि भाच्याकडूनही ताडून घ्या. पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्या, म्हणजे खराब भाग कण-कण खरवडण्याचा टप्पा वगळला जातो. ती फेरी संपली की नकाशा-फाइल तीच ठेवून 'एन' काढा, थेट वाचनाचा 'डी' पर्याय द्या आणि फेरप्रयत्न तीनपेक्षा जास्त ठेवू नका.

आणखी एक काळजी घ्या. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये साठवलेली फाइल पुष्कळदा फक्त मेमरीत असते आणि वीज गेली की नाहीशी होते. नकाशा-फाइल नव्या डिस्कवर किंवा वेगळ्या पेन ड्राइव्हवरच ठेवा. निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने वाचली, तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. तुमच्या डिस्कला दिवस लागू शकतात आणि एवढ्या वेळात वीज एकदा तरी जाणारच, असे धरून चाला.

देवनागरीवाचक (नाशिक)

ताई, मी मुद्रणव्यवसायातला आहे. माझी विनंती अशी की, प्रतिमा हाती आल्यावर सर्वांत आधी विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर बाहेर काढा आणि अंकांच्या फायली त्यानंतर काढा.

कारण पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे आणि आपण सर्वांनी त्यात युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीचे, फॉन्ट वापरून काम केले. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरखंड बसवलेले असतात. फाइलमध्ये साठतो तो आकडा रोमन अक्षराचा असतो, त्याला 'क'चे रूप देतो तो फॉन्ट. तो नेमका फॉन्ट नसेल, तर धडधाकट वाचलेली फाइलसुद्धा अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होते. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांनी जागांची वाटणी निरनिराळी केली, त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या मजकुराला चालत नाही. मराठीतले कितीतरी दिवाळी अंक आणि स्मरणिका अशा डिस्कवर आहेत, आणि हा फॉन्टचा फोल्डर कोणाच्या बॅकअपमध्ये नसतो, कारण तो 'आपले काम' आहे असे आपल्याला वाटतच नाही.

चित्रांचे फोल्डरही मूळ नावांनी आणि मूळ मांडणीत वाचायला हवेत. पेजमेकर मोठी चित्रे पुष्कळदा फाइलमध्ये न घेता नुसता त्यांचा पत्ता ठेवतो. म्हणून फोटोरेकसारख्या प्रोग्रामवर आधीच उडी मारू नका. तो खुणांवरून फायली ओळखून बाहेर काढतो, पण त्यांची नावे आणि फोल्डर हरवतात.

अक्षरजुळारी (मिरज)

पहिल्या फेरीचा वृत्तान्त. काल सकाळी सात वाजता काम सुरू केले. अनुक्रमांक भाच्याने मोठ्याने वाचला आणि मी पडद्यावर ताडून पाहिला. पहिले चार तास वेग चांगला होता, मग तो एकदम खाली येऊन काही वेळ सेकंदाला काही केबी एवढाच राहिला आणि पुन्हा वाढला. दुपारी वीज गेली. यूपीएसने वीस मिनिटे काढली, पण वीज चाळीस मिनिटांनी आली, त्यामुळे सगळे बंद पडले. नकाशा-फाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर होती, म्हणून तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले. तो क्षण मी विसरणार नाही. रात्री पहिली फेरी संपली तेव्हा ४१० एमबी वगळता सर्व डिस्क वाचून झाली होती. टक-टक असा आवाज आलेला नाही. आता दुसरी फेरी सुरू करू का, की डिस्कला विश्रांती द्यावी?

खाडीकाठ (रत्नागिरी)

हाताला डिस्क किती गरम लागते ते पाहा. तापमानाची नोंद ५० अंशांच्या आसपास असेल तर समोर एक लहान पंखा लावा आणि सुरू करा. वीज वारंवार बंद-चालू करणे टाळा, कारण फिरायला सुरुवात करतानाच दुबळ्या डिस्कवर सर्वाधिक ताण येतो.

नीलमोहर (ठाणे)

मध्येच विचारते, क्षमा असावी. माझी लहान पोर्टेबल डिस्क टेबलावरून पडली. आता जोडल्यावर बारीक गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि संगणक तिला ओळखत नाही. मीही डीडीरेस्क्यू वापरावे का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नाही, ताई. संगणक ओळखतच नसेल तर डीडीरेस्क्यूला वाचायला काहीच मिळत नाही. तसा गुणगुणणारा आवाज बहुधा तबकडी फिरू न शकल्याचा असतो. हेड तबकडीवर चिकटले असण्याची शक्यता मोठी आहे. पुन्हा जोडू नका. आतले साहित्य अमोल असेल तर डाटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे द्या आणि देताना ती पडली होती, हे स्पष्ट सांगा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सांधा मुख्य पाटीवरच जोडलेला असतो आणि मजकूर त्या पाटीकडूनच सांकेतिक रूपात लिहिला जातो, म्हणून कोणी 'पाटी बदलून देतो' म्हटले तर मूळ पाटी परत मागून घ्या. तशी पाटी बदलणेही पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणीची माहिती तिच्या पाटीवरच्या लहान चिपमध्ये असते.

अक्षरजुळारी (मिरज)

दुसरी फेरी अडीच दिवस चालली आणि आज पहाटे संपली. आता फक्त १.३ एमबी वाचायचे राहिले आहे. डिस्कच्या नोंदी पुन्हा पाहिल्या, तर १९७ चा आकडा ३१२ वरून २५३६ वर गेला आहे. आपणच वाचून डिस्क जास्त बिघडवली का, अशी शंका मनात येते.

विदाराखण (पुणे)

ताई, १.३ एमबी एवढेच राहणे हे उत्तम यश आहे. आकडा वाढला तो मुख्यतः यामुळे की, ज्या भागांना गेली काही वर्षे कोणी हात लावला नव्हता तेही या वेळी वाचले गेले. सेक्टर वाचायचा प्रयत्न होईपर्यंत तो खराब आहे हे डिस्कलाही ठाऊक नसते. तुमच्या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा आहे, पण संगणकाला तो ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून दिसतो. २५३६ ला आठने भागले की ३१७ येतात आणि ३१७ गुणिले ४०९६ म्हणजे जवळजवळ तेरा लाख बाइट, म्हणजेच तुमचे १.३ एमबी. दोन्ही हिशेब एकमेकांशी जुळतात, म्हणजे नकाशा-फाइल विश्वासार्ह आहे.

आता आजारी डिस्क काढून, तारीख लिहून कपाटात ठेवा. पुढचे सगळे काम प्रतिमेवर. ते ३१७ सेक्टर प्रतिमेत शून्यांनी भरलेले आहेत, त्यामुळे ज्या फायलींत ते येतात त्या वरून साबूत दिसतील आणि आतून पोकळ असतील. त्या शोधण्यासाठी डीडीरेस्क्यूचा फिल-मोड वापरा. त्याने न वाचलेल्या जागांवर, म्हणजे प्रतिमेतच, आपण ठरवलेला एखादा विशिष्ट शब्द भरता येतो. मग प्रतिमा फक्त वाचनासाठी जोडून सर्व फायलींत तो शब्द शोधायचा. ज्या फायलींत तो सापडेल त्याच जखमी, बाकीच्या निःशंक उघडा.

बाभूळवन (लातूर)

हे मला नवीन आहे. माझी ती 'बरी झालेली' डिस्क अजून वापरात आहे. हा धागा वाचून काल तिच्या नोंदी पाहिल्या, तर ०५ चा आकडा ११२० आहे. आज नवी डिस्क मागवली आणि आधी प्रत घेतली. ताई, तुम्हाला दिलेला सल्ला मी मागे घेतो.

अक्षरजुळारी (मिरज)

सर्वांना कळवताना आनंद होतो. देवनागरीवाचक यांनी सांगितल्याप्रमाणे फॉन्टचा फोल्डर पहिल्यांदा काढला आणि तो पूर्ण मिळाला. शब्द शोधल्यावर एकूण नऊ फायली जखमी निघाल्या. चार विंडोजच्याच होत्या. दोन स्कॅन केलेली चित्रे होती, त्यांच्या मूळ छायाप्रती माझ्याकडे आहेत. तीन पेजमेकरच्या होत्या. त्यांपैकी दोन सव्वादोन वर्षांपूर्वीच्या प्रतीत सापडल्या. राहिली ती २०११ च्या दिवाळी अंकाची फाइल. ती उघडतच नाही.

देवनागरीवाचक (नाशिक)

ताई, त्या वर्षी अंक छपाईला कसा पाठवला होता? पीडीएफ ईमेलने गेली असेल तर 'पाठवलेले' मध्ये शोधा. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा अंतर्भूत असतात, त्यामुळे पाने जशीच्या तशी दिसतील.

अक्षरजुळारी (मिरज)

सापडली. ९६ पानांचा अंक चार ईमेलमध्ये तुकडे करून पाठवला होता. तीन तुकडे पूर्ण उघडले आणि पाने स्वच्छ दिसतात. चौथ्या ईमेलला फाइल जोडलेली नाही. तो तुकडा बहुधा सीडीवर दिला होता. ती शेवटची २४ पाने मी छापील अंकावरून आजपासून युनिकोडमध्ये पुन्हा टंकते आहे. सगळे काम आता दोन डिस्कवर आहे आणि त्यांतली एक माझ्या बहिणीच्या घरी, सांगलीला ठेवली आहे. फॉन्टचा फोल्डर दोन्हींवर आहे.